पक्का रंग आणि पांढरी कूज

पावसाळा सरत आला की निपाणीकडच्या शिवारात बांधावर पडून राहिलेली आंब्याची जुनी खोडं कुजायला लागतात. वरची साल शाबूत दिसते, पण नख लावलं की आतलं लाकूड ओल्या कापसासारखं धाग्याधाग्यानं सुटत येतं. पांढुरकं, हलकं, मुठीत पिळलं तर पाणी गळणारं. आमची आजी असलं लाकूड चुलीजवळ येऊ द्यायची नाही. "नुसतं धुमसतंय, जाळ न्हाई त्यात," म्हणायची. दुसऱ्या एका प्रकारात लाकूड तपकिरी होतं आणि त्याच्या चौकोनी ढलप्या पडतात. या दोन कुजींना त्यांच्या रंगावरून पांढरी कूज आणि तपकिरी कूज म्हणतात. दोन्ही बुरशीचीच करणी. पण दोघींचं खाणं वेगळं.

लाकडात मुख्यतः सेल्युलोजचे धागे असतात आणि त्यांना सिमेंटासारखं धरून ठेवणारं लिग्निन असतं. सेल्युलोज म्हणजे रसायनाच्या भाषेत कापूसच. मागावर चढणारं सूत आणि खोडातला पांढरा धागा एकाच घराण्यातले. लाकडाला तपकिरीपणा, ताठपणा आणि जळताना मिळणारी बरीचशी आच लिग्निनमुळे येते. तपकिरी कूज सेल्युलोज खाते आणि लिग्निन मागे सोडते. पांढरी कूज लिग्निनवरच तुटून पडते. ते गेलं की आच जाते आणि रंगही जातो. आजीचं निदान अचूक होतं. मला मात्र त्यातली दुसरी गोष्ट फार उशिरा उमगली. ही बुरशी कोट्यवधी वर्षं लाकडाचा रंग उडवत आली आहे, आणि लाकडाचा रंग हा निसर्गातल्या सर्वांत चिवट रंगांपैकी एक आहे.

निपाणीहून बोरगावमार्गे तीस-पस्तीस किलोमीटर गेलं की इचलकरंजी लागते. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तिथं पहिला यंत्रमाग बसवला. संस्थानचे जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचा त्याला भक्कम आधार होता. त्या एका मागाची पुढं नगरी झाली आणि सीमेच्या अलीकडं माणकापूर-बोरगावकडच्या गावांतही मागांची खडखड सुरू झाली. बेळगावात वडगाव, शहापूर, खासबागकडची विणकर घरं तर त्याआधीपासूनची. विणलेलं कापड बाजारात जायचं तर त्याला रंग चढवावा लागतो, आणि रंगाला पाणी लागतं.

इचलकरंजीतून काळा ओढा पंचगंगेकडं वाहतो. त्याचं नाव तोंडात रुळल्यामुळं कुणाला वेगळं वाटत नाही. तेरवाडच्या बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण किती वर्षं वाचतोय. पंचगंगा पुढं नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते, राजापूरचा बंधारा ओलांडून कृष्णा कर्नाटकात येते आणि येडूर, अंकली, कुडचीकडच्या गावांना पाणी देत पुढं जाते. या पाण्यातली सगळी घाण रंगाची आहे असं मी म्हणणार नाही. शहरांचं मैलापाणी आहे, कारखान्यांची मळी आहे. पण रंग डोळ्यांना दिसतो, आणि तो बाकीच्या घाणीपेक्षा एका बाबतीत अवघड आहे. मैला नदीत कुजतो. रंग कुजत नाही.

तो का कुजत नाही, हे बघायला मी एका प्रोसेस हाउसमध्ये गेलो होतो. जिगर नावाच्या यंत्रावर कापडाचं थान एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जात होतं, मध्ये गरम रंगाच्या हौदात बुचकळत. पंचविसेक वर्षं हेच काम केलेले एक मामा तिथं होते. त्यांच्या नखांच्या कडा कायमच्या निळ्या झालेल्या. त्यांनी मिठाचं पोतं दाखवलं, सोडा दाखवला. "मीठ रंगाला पाण्यातनं कापडाकडं ढकलतंय आणि सोडा त्याला कापडात बसवतोय," ते म्हणाले. पाठ्यपुस्तकातही हेच लिहिलेलं असतं, इतक्या सोप्या शब्दांत मात्र नसतं. सुती कापडाला आज वापरतात ते बहुतेक रिअॅक्टिव्ह रंग. रंगाच्या रेणूला एक हात असतो आणि तो हात सेल्युलोजच्या धाग्याला रासायनिक गाठ मारतो. म्हणून रंग पक्का. असे रंग १९५६ साली बाजारात आले आणि सुती कापडाचा अंगाला लागणारा रंग ही जुनी तक्रार बरीचशी मिटली.

अडचण अशी की तो हात कापडाला गाठ मारतो तसाच पाण्यालाही मारतो. एकदा पाण्याला मारली की तो रेणू कापडाच्या कामाचा राहत नाही. पुन्हा वापरायला येत नाही, नुसता धुऊन जातो. रंग, कापड आणि रंगाऱ्याचा हात यांवर अवलंबून हौदातल्या रंगापैकी १० पासून अगदी ४० टक्क्यांपर्यंत भाग असा वाया जाऊन मोरीत उतरतो. सोबत लिटरमागे ३० ते १०० ग्रॅम मीठ आणि सोड्याचा खार. दुकानात आपण "रंग जाणार नाही ना?" असं विचारून कापड घेतो. ऊन, घाम, साबण यांना न बधणारा रेणू आपणच मागितलेला असतो. तो नदीतही तसाच न बधता राहतो. लिटरभर पाण्यात मिलिग्रॅमभर रंग असला तरी डोळ्यांना कळतो, आणि जास्त असला की पाण्यात खोलवर ऊन जात नाही, शेवाळाला अन्न बनवता येत नाही, माशांना लागणारा प्राणवायू कमी पडतो.

कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून जास्त रंग अॅझो घराण्यातले. या रेणूंच्या मध्ये दोन नायट्रोजन अणू दुहेरी बंधानं जोडलेले असतात आणि रंग दिसतो तो मुख्यतः त्या सांध्यामुळं. सांधा तोडला की रंग गेला. गटारातल्या, प्राणवायू नसलेल्या गाळात राहणारे जिवाणू हा सांधा सहज तोडतात. ऐकायला छान वाटतं. पण ते रेणू मधोमध तोडतात आणि दोन अॅरोमॅटिक अमाइन मोकळे होतात. त्यातले काही, उदाहरणार्थ बेंझिडिन, माणसाच्या मूत्राशयाचा कर्करोग घडवतात हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून जर्मनीनं १९९४ मध्ये असे अमाइन सोडणाऱ्या रंगांवर बंदी आणली, आणि त्याच दशकात भारतानंही अशा अनेक रंगांवर बंदी घातली. बाजारातले सगळेच रंग घातक आहेत असा याचा अर्थ नव्हे. पण पाणी नितळ दिसलं म्हणून हात झटकायचे नसतात, हे यातून शिकावं. चुना आणि फेरस सल्फेट टाकून रंग खाली बसवण्याची पद्धत सगळीकडं आहे. तिथंही तेच. वर पाणी स्वच्छ, खाली रंगीत गाळाचा ढीग. रंगानं जागा बदलली, एवढंच.

बुरशीचं काम इथं निराळं ठरतं, आणि त्याचं मूळ पुन्हा लाकडातच सापडतं. बहुतेक एंझाइम कुलूप-किल्लीसारखे असतात. ठरावीक रेणू आला तरच काम करतात. लिग्निनला अशी किल्ली लागूच शकत नाही. त्याची रचना ठरावीक नसते. ते वेडंवाकडं, जिकडंतिकडं जोडलेलं, शिवाय इतकं अवाढव्य की बुरशीच्या पेशीत शिरणारच नाही. म्हणून पांढऱ्या कुजीच्या बुरशीनं वेगळा मार्ग काढला. ती आपले एंझाइम पेशीबाहेर सोडते. लिग्निन पेरॉक्सिडेज समोरच्या रेणूतला एक इलेक्ट्रॉन हिसकावून घेतो. मँगनीज पेरॉक्सिडेज त्याहून हुशारीचं काम करतो: लाकडातल्या मँगनीजचा एक इलेक्ट्रॉन काढून त्याला इतकं भुकेलं करतो की ते मँगनीज, बुरशीनंच सोडलेल्या ऑक्झॅलिक आम्लाचा हात धरून, जिथं एंझाइमला शिरता येत नाही अशा फटीत जातं आणि तिथं तोडफोड करतं. इलेक्ट्रॉन गमावलेला रेणू डळमळीत होतो आणि स्वतःच ठिकठिकाणी तुटतो. समोर लिग्निन आहे की माणसानं प्रयोगशाळेत घडवलेला निळा रंग, हे विचारायची या एंझाइमना गरजच नाही. ज्याची अॅरोमॅटिक कडी इलेक्ट्रॉन द्यायला तयार, त्याच्यावर घाव. विल्यम पर्किननं १८५६ मध्ये पहिला कृत्रिम रंग केला. बुरशीचं हत्यार त्याच्या कितीतरी आधी, झाडांसाठी घडलेलं होतं.

या एंझाइमचा शोध फार जुना नाही. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम ही पांढऱ्या कुजीची बुरशी या साऱ्या संशोधनाची नायिका. अमेरिकेत १९८३ मध्ये तिच्यात लिग्निन पेरॉक्सिडेज सापडला, आणि त्याच वर्षी ग्लेन आणि गोल्ड यांनी हीच बुरशी रंगांचाही रंग उडवते असं दाखवलं. आपल्या हवामानाच्या दृष्टीनं तिचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो: तिला ३७ ते ४० अंश उष्णता मानवते. दुसरा गुण चमत्कारिक आहे. नायट्रोजन भरपूर मिळाला तर ती हे एंझाइम बनवतच नाही. नायट्रोजनाची उपासमार झाली की बनवते. लाकडात नायट्रोजन नाममात्रच असतो, त्यामुळं तिथं तिची सवय जुळते. गटाराच्या पाण्यात जुळत नाही.

तिसरा एंझाइम लॅकेज. हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं १८८३ मध्ये तो लाखेचं रोगण देणाऱ्या झाडाच्या चिकात शोधला, आणि पुढं फ्रान्समध्ये बर्त्रां यांनी तो बुरशांतही असल्याचं दाखवलं. त्याच्या पोटात तांब्याचे चार अणू असतात आणि त्यांच्यामुळं शुद्ध लॅकेज स्वतःच निळा दिसतो. पेरॉक्सिडेजना लागतं तसं पेरॉक्साइड त्याला लागत नाही. हवेतला प्राणवायू घेतो, समोरच्या रेणूचे इलेक्ट्रॉन त्या प्राणवायूला देतो आणि शेवटी पाणी बनवतो. पेरॉक्सिडेजएवढा तो ताकदवान नाही. अवघड रंगांसाठी मध्यस्थ लागतो, म्हणजे इलेक्ट्रॉनची ने-आण करणारा छोटा रेणू. पण स्वस्त आणि टिकाऊ असल्यानं सगळ्यांची भिस्त त्याच्यावरच.

भातशेती करणाऱ्यांना एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. बेळगावच्या शिवारातलं भात करप्यानं जातं तेव्हा आपण ज्या बुरशीला शिव्या देतो, तिच्याच लॅकेजवर १९९५ मध्ये चिवुकुला आणि रंगनाथन यांनी महत्त्वाचा प्रयोग केला. फिनॉल गट असलेले अॅझो रंग त्यांनी त्या लॅकेजपुढं ठेवले. गाळातले जिवाणू तोडतात तसा रेणू मधोमध तुटला नाही. सांध्यातले दोन्ही नायट्रोजन वायू होऊन हवेत गेले. घातक अमाइन तयार झाले नाहीत. हवेत आधीच तीन चतुर्थांशाहून जास्त नायट्रोजन आहे. रंगातल्या त्या सांध्याला याहून चांगली गती मिळणं अवघड.

हे सगळं परदेशातच घडलं असं नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. संजय गोविंदवार, डॉ. ज्योती जाधव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दोन दशकं रंगांच्या विघटनाचा पाठपुरावा केला. इचलकरंजीच्या रंगीत मातीतून त्यांनी जिवाणू वेगळे केले. त्यातल्या एकाचं नाव सूडोमोनास एसयूके-१. एसयूके म्हणजे शिवाजी युनिव्हर्सिटी, कोल्हापूर. बुरशांमध्ये त्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संग्रहातली अॅस्परजिलस ऑक्रेशियस वापरली, पेनिसिलियम ऑक्रोक्लोरॉनकडून कॉटन ब्लू रंग तोडून घेतला, आणि पावात असतं त्या यीस्टकडून मॅलॅकाइट ग्रीनसुद्धा. नंतर झेंडू, अॅस्टर, गेलार्डिया अशी फुलझाडं सांडपाण्याच्या सऱ्यांच्या वरंब्यावर लावूनही त्यांनी रंग उतरवून बघितला. या संशोधनातला मला सर्वांत आवडलेला भाग म्हणजे त्यांची परीक्षा. रंग गेल्यावर उरलेलं पाणी विषारी आहे की नाही, हे ठरवायला ते ज्वारी, उडीद, गहू अशा पिकांचं बियाणं त्या पाण्यात उगवून बघत. किती बिया उगवल्या, मूळ किती लांबलं, कोंब किती. मूळ रंगाच्या पाण्यात मुळं खुरटतात. विघटन झालेल्या पाण्यात ती बरीचशी सावरतात. यंत्राचा आलेख शेतकऱ्याला वाचता येणार नाही, ज्वारीचं मूळ वाचता येतं.

एवढं वाचून झाल्यावर मला स्वतः बघावंसं वाटलं. माझा मावसभाऊ धिंगरी अळंबी लावतो. धिंगरीसुद्धा पांढऱ्या कुजीचीच बुरशी. भाताचं काड उकळून त्यात बियाणं भरायचं, पिशवी टांगायची, आणि अळंबी काढून झाली की ते पांढऱ्या जाळ्यानं विणलेलं काड उकिरड्यावर टाकायचं. त्यातलं थोडं मी आणलं. प्रोसेस हाउसमधल्या त्या मामांनी निळ्या हौदाचं बाटलीभर उरलेलं पाणी दिलं होतं. पहिल्या बरणीत ते पाणी जसंच्या तसं ओतलं. तिसऱ्या दिवशी बुरशीचे धागे मलूल, आठवड्यानं वास. मीठ आणि सोडा यांनी बुरशी मारली होती. मग पाणी चांगलं दहापट पातळ केलं, लिंबू पिळून खार मारला आणि दोन बरण्या भरल्या: एकीत जिवंत काड, दुसरीत उकळून मारलेलं काड.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बरण्यांतलं पाणी फिकं झालं. घरातले म्हणाले, झालं की काम. पण काड बघितलं तर दोन्हीकडं निळं. रंग पाण्यातून काडावर जाऊन बसला होता, फेरस सल्फेटच्या गाळात बसतो तसाच. खरा फरक पुढच्या आठवड्यात पडला. मेलेलं काड निळंच राहिलं. जिवंत काडावर बुरशीचं नवं जाळं धरत गेलं, आणि जिथंजिथं धरलं तिथंतिथं निळा रंग विटून काडाचा पिवळसर पांढरा रंग परत आला. भिंग लावलं की प्रत्येक धाग्याभोवती फिकट कड दिसायची. एंझाइम धाग्याच्या बाहेर पसरतो म्हणजे काय, ते त्या कडेत दिसत होतं. शोषून घेणं आणि तोडणं यांतला फरक मी अनेकदा वाचला होता, पण पटला तो बरणीमुळं.

त्या पहिल्या, वास मारणाऱ्या बरणीत मात्र खरी अडचण आहे. लॅकेज आणि पेरॉक्सिडेज आम्लधर्मी पाण्यात, सामू ४-५ च्या आसपास, रंगात येतात. रंगाच्या हौदाचा सामू १०-११. मिठातलं क्लोराइड लॅकेजच्या तांब्याला अडवतं. त्याऐवजी ग्लॉबर मीठ, म्हणजे सोडियम सल्फेट, वापरलं तर हा त्रास कमी होतो. उघड्या टाकीत जिवाणू बुरशीवर मात करतात. बुरशीला दिवस लागतात आणि जिगरचा हौद काही तासांत रिकामा होतो. म्हणून काळ्या ओढ्यात किंवा पंचगंगेत बुरशी सोडून नदी शुद्ध होईल असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये. जागा आहे ती प्रत्येक प्रोसेस हाउसच्या मोरीच्या तोंडाशी, जिथं पाणी कमी आणि रंग दाट असतो. तिथं सामू उतरवून, बुरशीऐवजी तिचा एंझाइम एखाद्या आधारावर पक्का बसवून वापरता येतो. फॅनेरोकीटला घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळीवर वाढवून निळा रिअॅक्टिव्ह रंग पाण्यातून काढण्याचे प्रयोगही झाले आहेत. परसातल्या वेलीवरची जाळी यासाठी पुरते, हे मला फार आशादायक वाटतं.

एंझाइम इथल्या धंद्याला परके तर मुळीच नाहीत. सुती कापडाची लव काढून ते मऊ करायला बायोपॉलिश म्हणून वापरतात तो सेल्युलेज ट्रायकोडर्मा या बुरशीचा. तंबाखू-आल्याच्या शेतात पावडर म्हणून टाकतो तीच ट्रायकोडर्मा, भाऊबंदकीतली. ब्लीचनंतर उरलेलं पेरॉक्साइड मारायला कॅटॅलेज वापरतात, तोही बऱ्याचदा अॅस्परजिलसचा. जीन्सचा निळा रंग मुद्दाम फिका करण्यासाठी डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीनं १९९६ मध्ये बुरशीचा लॅकेज बाजारात आणला, आणि तो विकला गेला. कापड विटकं दिसावं म्हणून एंझाइमवर पैसे खर्च करायला धंदा तयार झाला, तर मोरीचं पाणी विटवायला का होऊ नये, हा प्रश्न मला सोडत नाही. उत्तर मला दिसतं ते असं: जीन्सचा भाव वाढतो, मोरीचा वाढत नाही. तो वाढवण्याचं काम रसायनशास्त्राला जमणारं नाही, ते नियम राबवणाऱ्यांचं आहे.

महिन्यानं जिवंत काडाची बरणी मी गाळली. पाणी फिक्या चहासारखं, निळ्याचा मागमूस नाही. ते स्टीलच्या ताटात ओतून गच्चीवर उन्हात ठेवलं. चार दिवसांनी पाणी उडून गेलं आणि ताटाच्या तळाला पांढरा खर उरला, नखानं खरवडला तर कडकड आवाज करणारा. शिरोळकडच्या क्षारपड रानांत उन्हाळ्यात जमिनीवर फुटतो, अगदी तसाच. रंग बुरशीनं तोडला होता. मीठ जसंच्या तसं होतं. ते ताट घेऊन मी पुन्हा त्या मामांकडं गेलो. त्यांनी खरावरून निळ्या नखाचं बोट फिरवलं आणि म्हणाले, "आता ह्ये कमी टाकायचं कसं, ते बघाय पायजे."